अर्ध्या भाकरीचं मागणं

किशनराव पोती तोलायचे. परभणीच्या शेतकी विद्यापीठाचं बियाण्याचं गोदाम होतं. तिथं जमिनीलगतच्या फळीचा एक मोठा लोखंडी काटा होता. ज्वारी, तूर, करडई. पोतं फळीवर चढायचं, किशनराव दांडीवरचं वजन सरकवायचे, आकडा बोलायचे, पोतं उतरायचं. दिवसभर एवढंच.

शहात्तर सालचा दसरा नुकताच झाला होता. दुपारच्या सुट्टीत फळी रिकामी होती. चपलेचा अंगठा तुटला म्हणून किशनराव त्या फळीवरच बसले. तिथं भुजंग नावाचा हमाल होता. कुणाची खोडी काढल्याशिवाय त्याला भाकर पचायची नाही. तो हळूच दांडीपाशी गेला, वजन सरकवलं आणि ओरडला, "सत्त्याण्णव!"

सगळे वळून बघायला लागले.

"तीन किलो कमी भरायलंय, किशनराव. क्विंटलचं पोतं मनून घ्यावं कसं?"

गोदामभर हशा पिकला. किशनरावही हसले. मग उठायला गेले आणि उठता येईना. दोन्ही गुडघ्यांत खिळे ठोकावेत तशी कळ आली. शेवटी भुजंगनंच हात दिला. तेव्हा तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते स्टेशन रोडच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, वय विचारलं, उंची मोजली.

"शेहेचाळीस वर्षं, पाच फूट चार इंच. गुडघ्यांना काही झालेलं नाही हो. ते बिचारे दीड माणूस उचलताहेत. पंचवीस किलो उतरवा. नाही उतरवलं तर दोन-तीन वर्षांत काठी येईल, आणि पुढं खाट."

काठीचं किशनरावांना काही वाटलं नाही. खाटेचं वाटलं. कारण पगार गोदामाचा असला तरी त्यांचं जीव लावून केलेलं काम वेगळंच होतं. ते सोयरिकी जुळवायचे.

छप्पन साली बौद्ध धर्म घेतला तेव्हा किशनराव सव्वीस वर्षांचे होते. जुन्या रीती सोडायच्या हे सगळ्यांना कबूल होतं. पण नव्या घरांना नवी सोयरीक कुठली, कुणाचा मुलगा शिकला, कुणाची मुलगी मॅट्रिक झाली, हे सांगणारं माणूस हवं होतं. किशनराव ते माणूस झाले. दर रविवारी धोतर-सदरा चढवून ते निघायचे. झरी, सेलू, वालूर, कुठं एसटीनं, कुठं बैलगाडीनं, बहुतेक पायी. कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेत नसत. त्यांनी जुळवलेल्या घरांत आता मुलं शाळेत जायला लागली होती.

त्यात एक रीत पडून गेली होती. कुणी ठरवली हे कुणालाच सांगता आलं नसतं. किशनराव मुलीच्या घरी आधी एकटेच जायचे. घर बघायचे, माणसं बघायचे. घरच्यांनी ताट वाढायचं. किशनरावांनी ताट पुरतं संपवलं तर घर पसंत. ताटात अन्न ठेवून हात धुतला तर नापसंत. तोंडानं ते दोन्ही वेळेला एकच बोलायचे, "बरं. कळवतो." मुलीच्या बापाच्या तोंडावर नाही म्हणायची पाळी कुणावर येऊ नये म्हणून ती रीत होती. आणि माणसं चांगली असायची, घरं कष्टाची असायची. किशनरावांनी वीस वर्षांत जेमतेम चार ताटं अर्धी ठेवली होती.

म्हणजे बाकी सगळी संपवली होती. शिरा, पुरी, भजी, बुंदी, तुपातली पोळी. एका रविवारी तीन-तीन घरं. सत्त्याण्णव किलो तिथून आले होते.

आता गुडघे वाचवायचे तर ताट सोडायचं. ताट सोडलं तर माणसं तुटायची. डॉक्टरांच्या पायऱ्या उतरताना किशनरावांना हे कळून चुकलं. पायऱ्या चारच होत्या. कठड्याला धरून ते एकेक उतरले.

पहिल्यांदा त्यांनी उपास धरला. सकाळी कपभर चहा, संध्याकाळी दोन केळी. लक्ष्मीबाई, म्हणजे त्यांची बायको, चहा तेवढा करून द्यायच्या. आठव्या दिवशी गोदामात किशनरावांना दांडीवरचे आकडे दोन-दोन दिसायला लागले. घरी येऊन त्यांनी पाच भाकरी, पातेलंभर वरण आणि शेंगदाण्याची अख्खी वाटी चटणी खाल्ली. चार किलो उतरले होते. पंधरा दिवसांत पाच चढले.

"झालं का समाधान?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "आता माझं ऐका. माणूस उपाशी राह्यला की जनावर व्हतोय. पोट मारायचं न्हाई. पोटाला वळण लावायचं."

डॉक्टरांनी नुसतं उतरवा म्हटलं होतं. लक्ष्मीबाईंनी ते कसं, हे करून दाखवलं. मोठं पितळी ताट त्यांनी माळ्यावर टाकलं आणि आपल्या मुलीच्या लहानपणची ताटली काढली. भाकरी पातळ थापायला लागल्या. चार होत्या, त्या आधी तीन झाल्या, महिन्यानं दोन. भाजी मात्र दुप्पट. कधी तांदुळजा, कधी शेपू, थंडी पडल्यावर करडईची कोवळी पानं. तेलाची बुधली त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतली. चहातली साखर एकदम बंद केली नाही. रोज चिमूटभर कमी करत गेल्या. एक दिवस किशनराव म्हणाले, "आज चहा बरा झालाय." लक्ष्मीबाई हसल्या. त्या दिवशी साखर नव्हतीच.

जेवण दिवस मावळायच्या आत. घास चावून. जेवल्यावर रेल्वे फाटकापर्यंत चालत जाऊन परत. पहिल्या आठवड्यात फाटक गाठता आलं नाही. चौथ्या आठवड्यात फाटकापलीकडचं कडुनिंबाचं झाड गाठलं.

दर सोमवारी आणि शनिवारी सकाळी पोती चढायच्या आत किशनराव काट्यावर उभे राहायचे आणि भुजंग आकडा बोलायचा. एरवी चेष्टा करणारा भुजंग या कामात मात्र पक्का होता. पाव किलोचीही सूट द्यायचा नाही. पण आकडा मोठा चमत्कारिक वागायला लागला. शनिवारी उतरलेला असायचा आणि सोमवारी परत चढलेला.

"तुमच्या कमाईला भोक हाय किशनराव," भुजंग म्हणाला. "हप्ताभर कमावलेलं आयतवारी सांडायलंय."

ते भोक कोणतं हे किशनरावांना ठाऊक होतं. लक्ष्मीबाईंनाही.

"सांगायचं की लोकांला," त्या म्हणाल्या. "आवं, तोंडानं सांगायचं, अर्धीच भाकर वाढा, गोड नको. त्यात काय इज्जत जातीय?"

किशनरावांना ते जमत नव्हतं. का जमत नव्हतं, हे त्यांनी लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्यांची आई सरजाबाई गावची येसकरकी करायची. दिवसभर गावची कामं आणि संध्याकाळी दुरडी घेऊन घरोघर. लहानगा किशन तिचा पदर धरून मागं. दारापासून दहा हात लांब उभं राहायचं आणि हाक द्यायची, "भाकर वाढा वो माय." कुणी लगेच यायचं, कुणी तासानं. कुणी वरून टाकायचं. टाकलेली भाकर दुरडीत पडली तर बरं, मातीत पडली तर उचलायची. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर सरजाबाईनं ती दुरडी चुलीत घातली. बांबू तडतडत जळाला. ती म्हणाली, "आता कुणाच्या दारात मागायचं न्हाई, किशन."

तिनं दार म्हटलं होतं. किशनरावांनी त्यात सगळंच धरलं. दार, ताट, चूल, पाण्याचा तांब्या. वीस वर्षांत त्यांनी पंगतीत मीठसुद्धा मागितलं नव्हतं. वाढलेलं खायचं. न वाढलेलं मागायचं नाही. आणि "हे नको, ते द्या" म्हणणं हेही त्यांच्या लेखी मागणंच होतं.

त्यात दुसरी एक लाज होती. दुष्काळाला उणीपुरी चार वर्षं झाली होती. ज्या घरांत ते जायचे, त्या घरांनी खडी फोडून, सरकारी रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले होते. त्यांच्यासमोर बसून म्हणायचं की माझं खाणं जास्त झालंय? किशनरावांची जीभ उचलत नव्हती.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत ते वालूरला गेले. दत्तराव नावाचा माणूस. दोन एकर कोरडवाहू आणि उरलेले दिवस मजुरी. थोरली मुलगी सत्यशीला, मॅट्रिक पास, गावातल्या बायकांना अंगठा सोडून सही शिकवायची. झरीचा पंडित नावाचा मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर लागला होता. किशनरावांच्या मनात दोघांची जोडी कधीचीच बसली होती. घर बघून ते खूश झाले. जमीन सारवलेली, भिंतीला चुना, कोनाड्यात पुस्तकं.

ताट आलं. शिऱ्याचा डोंगर, सहा पुऱ्या, बटाट्याची भाजी, वर भजी.

किशनरावांनी दोन पुऱ्या खाल्ल्या, थोडी भाजी खाल्ली, शिऱ्याचे दोन घास घेतले. आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ते भरल्या ताटासमोर थांबले. त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. लक्ष्मीबाईंना सांगायचं, भुजंगला सांगायचं, याच आनंदात त्यांनी ताटात हात धुतला.

"बरं. कळवतो," म्हणाले.

दत्तराव उभे होते ते खाली बसले. आतल्या बांगड्यांचा आवाज थांबला. किशनरावांच्या ते लक्षात आलं नाही. ज्या माणसानं वीस वर्षं ती रीत पाळली, तोच ती विसरला. एसटीत खिडकीशी बसून ते गुणगुणत परभणीला आले. सोमवारी काट्यावर एक्क्याण्णव भरले. भुजंगनं पदरचा चहा पाजला, बिनसाखरेचा.

दहा-बारा दिवसांनी झरीहून पंडितचे वडील आले. ते दारातूनच म्हणाले, "किशनराव, ह्ये काय झालं? वालूरच्यांचा निरोप आला. आमची लेक तुमच्या जोगी न्हाई, दुसरं ठिकाण बगा मनून. आमी तर आजून पोरगी बी बगितली न्हाई!"

किशनरावांना काही कळेना. "मी तर घर पसंत केलंय. लय चांगली मानसं हायत."

लक्ष्मीबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "ताट पुरं केलं व्हतं का?"

किशनराव भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. पाहुण्याला पाणी द्यायचंही त्यांना सुचलं नाही.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. लक्ष्मीबाईंनीही आग्रह केला नाही. सकाळी किशनराव म्हणाले, "चालतो मी वालूरला. वाढतील तेवढं खातो. पिंपभर शिरा असला तरी खातो. गेले गुडघे तर गेले. पोरीचं नुसकान मी करणार न्हाई."

"जावा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पर जाताना येवढं ध्यानात ठेवा. खाटंवर पडलेला मानूस कुनाच्या सोयरिकी जुळवत न्हाई."

वालूरला एसटीतून उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. वस्तीपर्यंतची वाट त्यांनी दोनदा बसून पार केली. दत्तराव ओट्यावर होते. "जय भीम" म्हणाले. बसायला घोंगडी टाकली. आतून तांब्या आला. पाणी. आणखी काही आलं नाही.

किशनराव वाट पाहत राहिले. दत्तराव समोर बसून काडीनं जमीन उकरत राहिले. चुलीवर भाकरी भाजल्याचा वास येत होता, म्हणजे घरात स्वैपाक होता. मग किशनरावांना उमगलं. त्यांनी या घराला जे सांगितलं होतं तेच हे घर आता त्यांना सांगत होतं.

"दत्तराव," ते म्हणाले, "माझी चूक झाली."

"चूक कशाची? घर तुमच्या मनास आलं न्हाई. गरिबाचं घर हाय."

"घर लय पसंत हाय."

"मग ताट कामून ठिवलं?" दत्तरावांचा आवाज एकदम चढला. "तिच्या मायनं दोन रोज आधी गहू दळून आणला. पोरीनं सोता शिरा केला. तुमी उठून गेलाव अन् ती त्या ताटाकडं बगत बसली. जनावराला बी घालू देईना."

किशनरावांनी धोतर वर सारून गुडघे उघडे केले. सुजून टरटरलेले होते. मग त्यांनी सगळं सांगितलं. काटा, सत्त्याण्णव, डॉक्टर, उपास, मुलीची ताटली. दत्तरावांची काडी थांबली. ते गुडघ्यांकडे बघत राहिले. मग कपाळावर हात मारून घेतला.

"अरारारा! आवं मग तोंड न्हाई का तुमाला? अर्धी भाकर वाढा मनून सांगायचं की! आमी काय डोक्यात घातलं असतं तुमच्या?"

"मला मागता येत न्हाई," किशनराव म्हणाले.

आणि त्यांनी तेही सांगितलं. आई, दुरडी, दहा हात लांबची हाक. ओट्यावर सत्यशीलेची आई येऊन उभी राहिली होती. तिनं पदर तोंडाला लावला. त्या घराला यातलं काहीच नवीन नव्हतं. दत्तरावांच्या आईचीही दुरडी होती.

मग आतून सत्यशीलेचा आवाज आला.

"काका, आत या."

किशनराव आत गेले. ती चुलीपाशी बसली होती. समोर पाट मांडलेला, पाटापुढं ताट. ताट रिकामं.

"बसा," ती म्हणाली. "आता काय पायजे ते सांगा. सांगितल्याबिगर मी कायीच वाढणार न्हाई."

"पोरी, वाढ ना काय बी."

"न्हाई. काय बी न्हाई. मी सांजपस्तोर बसते. मला काम न्हाई आज."

दत्तराव दारातून म्हणाले, "सत्ये, मोठ्या मानसाशी असं—"

"बाबा, तुमी नगा बोलू." ती किशनरावांकडे वळली. "काका, ते मागणं येगळं व्हतं. ते लोक आपले नव्हते. मी तुमची कोण?"

किशनराव रिकाम्या ताटाकडे बघत बसले. ज्या माणसानं हजारो पोती तोलली, त्याला दोन शब्द उचलवत नव्हते. ती पोर मात्र हलली नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढून तशीच बसून राहिली.

शेवटी ते म्हणाले, "अर्धी भाकर."

तिनं भाकरीचे दोन तुकडे केले. एक ताटात ठेवला. "आजून?"

"भाजी कशाची हाय?"

"करडईची. आन् वांगं बी हाय."

"करडईची वाढ. जास्तीची." ते थांबले. मग त्यांच्याच तोंडून आपोआप निघालं, "ताक असंल तर वाटीभर. अन् मिरचीचा ठेचा, बोटावर घेण्यापुरता."

"आता कसं!" सत्यशीला म्हणाली आणि हसली. दारात दत्तरावही हसले. त्या घरात पंधरवड्यानं कुणी हसत होतं.

किशनराव जेवले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. ठेच्याचं आहे असं कुणालाही वाटलं असतं. शेवटचा घास भाजीच्या पाण्यातून फिरवून त्यांनी तोंडात घातला. ताटात अन्नाचं शीत राहिलं नव्हतं. पोट भरलं होतं, जड नव्हतं. दत्तराव दारातून वाकून त्या ताटाकडे बघत होते.

"बरं," किशनराव म्हणाले. पुढचं "कळवतो" त्यांनी गिळलं. "पुढच्या आयतवारी पंडितला घेऊन येतो."

त्या वर्षीच्या वैशाखात सत्यशीला बौद्ध रीतीची पांढरी साडी नेसून झरीला नांदायला गेली.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. दत्तरावांनी ती सेलूच्या बाजारात सांगितली, पंडितच्या वडिलांनी झरीत. "काकांना विचारल्याबिगर वाढायचं न्हाई" असं घराघरांत झालं. किशनराव पाटावर बसले की घरची बाई विचारायची आणि ते मागायचे. पहिले काही महिने कान तापायचे. मग सवय झाली. घर पसंत असलं तर आपण मागितलेलं संपवायचं. रीत तीच राहिली, ताट लहान झालं. क्वचित एखादं घर मनास यायचं नाही. तिथंही ते अर्धी भाकर मागायचे आणि त्यातली चतकोर ठेवायचे. लोकांना कळायचं.

सगळं सरळ झालं असं नाही. काही म्हाताऱ्या ऐकायच्या नाहीत. "येवढ्यानं काय व्हतंय" म्हणत पोळी ढकलायच्याच. लग्नसराईत बुंदी समोर आली की किशनरावांचा हात वळायचा. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात साडेतीन किलो परत चढले. भुजंगनं आकडा बोलून दांडी दाणकन आपटली आणि दिवसभर अबोला धरला. पण आता ते उपास करून घाबरेघुबरे होत नव्हते. लक्ष्मीबाईंची ताटली होती, फाटकाची वाट होती. पावसाळ्यापर्यंत चढलेलं उतरलं. एकोणऐंशीच्या संक्रांतीला काट्यावर त्र्याहत्तर भरले. दुसऱ्या संक्रांतीला बहात्तर. चोवीस-पंचवीस किलो गेले ते गेले. डॉक्टरांनी विश्वास बसेना म्हणून गुडघे दोनदा वाकवून पाहिले.

लोक विचारायचे, कसं जमवलंव. किशनराव औषध सांगायचे नाहीत. लक्ष्मीबाईंचं नाव घ्यायचे, भुजंगचं घ्यायचे, आणि मग म्हणायचे, "वालूरच्या पोरीनं मला जेवायला शिकवलं." त्यांच्याहून पंचवीस-तीस वर्षांनी लहान मुलगी. दिवाळीला ते झरीला तिच्याकडे जायचे आणि मोठ्या बहिणीसमोर उभं राहावं तसे उभे राहायचे. ती लाजून आत पळायची.

पण त्या मागण्यानं आणखी काय केलं होतं, ते त्यांना ऐंशी साली एका आडगावात कळलं. चांगुणाबाई नावाची विधवा होती. धाकट्या मुलीचं जुळवायचं होतं; ती मजुरीला गेली होती. थोरलीचं किशनरावांनीच दहा वर्षांपूर्वी जुळवलं होतं. त्यांनी पाटावर बसून नेहमीसारखं मागितलं, "अर्धी भाकर आन् घरात आसंल ती भाजी."

चांगुणाबाई बघत राहिली. मग म्हणाली, "लय बरं केलंव दादा. थोरलीच्या टायमाला रवा शेजारनं उसना आणला व्हता, साखर मास्तरनीकडनं. तूप तर कुठून कुठून. तुमी पुरं ताट खाल्लं. मला येवढा आनंद झाला! घर पसंत झालं मनून. मग आमी मायलेकी तिघी पाण्यावर झोपलो."

ती हसत सांगत होती. तिला त्यात दुःख दिसत नव्हतं.

किशनराव हसले नाहीत. त्यांच्यासमोर एकामागून एक ताटं उभी राहिली. वीस वर्षांची. शिऱ्याचे डोंगर, तुपातल्या पोळ्या. कुठल्या घरातून उसनं आलं होतं, कोण पाण्यावर झोपलं होतं, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मान ठेवायचा म्हणून ते खात गेले होते. ती माणसं मान द्यायचा म्हणून उपाशी राहिली होती. आणि कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "माफी कशी मागू आता?"

"आता बया! माफी कशाची? थोरली पोर उजवलीव तुमी. मी तुमाला खाऊ घातलं मनून तर लेक सुखात हाय." तिनं भाकर मोडली. अर्धी त्यांच्या ताटात टाकली, वर चुलीतून काढलेलं भाजकं वांगं, मीठ, कच्चा कांदा. दुसरी अर्धी तिच्या हातात तशीच राहिली. ती झाकून ठेवायला म्हणून वळली.

"तुमी जेवलाव का?" किशनरावांनी विचारलं.

"मी जेवते की मागून."

"मला एकट्याला घास जात न्हाई. बसा इथं. एवढं मागतो तुमाला."

चांगुणाबाई गोंधळली. पाहुण्याच्या आधी, पाहुण्यासमोर, ती जन्मात कधी जेवली नव्हती. तिनं दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी नव्हतं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला, चुलीच्या पलीकडच्या अंगाला मांडी घातली आणि अर्धी भाकर तळहातावर घेतली. किशनरावांनी आपल्या ताटातलं निम्मं वांगं तिच्या भाकरीवर ठेवलं.

दोघं जेवायला लागले.